बाई मोबाईलवर काय शिकतात?

आम्ही वेळापूरच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. हातातलं काम टाकून ऐकायला बसा, असं आम्ही म्हणत नाही. भाकरी थापता थापता ऐका, शेंगा फोडता फोडता ऐका. रेडिओचं तेवढं बरं असतं. पण काही ऐकणं असं असतं की ते भाकरी थापता थापता होत नाही. आज त्याच ऐकण्याविषयी बोलायचंय.

झालं असं. आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांची सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिसरीचा वर्ग तिच्याकडं आहे. एकदा हप्ता गोळा करायला आम्ही मावशींच्या पडवीत बसलो होतो. तेव्हा मावशी म्हणाल्या, "दिवसभर शाळा अन् रात्री मोबाईल. पोरगं माझ्याजवळच झोपतंय. काय बघत असती कुणाला ठावं." मावशी हळू बोलल्या, पण सून आतच होती. ती चहाचं ताट घेऊन बाहेर आली आणि ताट ठेवता ठेवता म्हणाली, "आत्या, ते प्रशिक्षण असतं. आता आम्हाला मोबाईलवरच शिकायचं असतं. तारखेच्या आत झालं नाही तर यादीत नाव येतं."

सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "मग काय काय शिकलीस?" या काकूंची नात तिच्याच वर्गात आहे, म्हणून विचारलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "खरं सांगू का काकू? व्हिडिओ लावला, मोबाईल मांडणीवर ठेवला अन् भाकऱ्या केल्या. शेवटी प्रश्न आले. त्याची उत्तरं कुणीतरी ग्रुपवर टाकली होती, तीच दिली. प्रमाणपत्र मिळालं. शिकले काय, ते मात्र विचारू नका."

तिनं खरं सांगितलं, म्हणूनच आम्ही आज हे बोलू शकतोय. तिला विचारूनच बोलतोय. त्या दिवशी घरी जाताना काकू एवढंच म्हणाल्या, "बाईंनी भाकरी थापता थापता शिकायचं, अन् आपल्या पोरींनी त्या शिकण्यातलं उरलंसुरलं शिकायचं." काकूंची नात कोरोनाच्या दोन वर्षांत मागं पडली ती पडलीच. ५२ वजा २७ घातलं की ३५ लिहिते. त्या ३५ वर आपण पुन्हा येऊ, लक्षात ठेवा.

बाहेरच्या माणसाला वेळापूर म्हटलं की अर्धनारीनटेश्वराचं देऊळ आठवतं, माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो, नाहीतर खो-खो आठवतो. पण आपलं गाव शिक्षकांच्या शिकण्याचंही गाव आहे. सोलापूर जिल्ह्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आपल्या वेळापुरात आहे. १९८६ साली देशाचं नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात अशा संस्था निघाल्या. नोकरीला लागलेल्या शिक्षकांनी शिकत राहावं, हे त्यांचं एक मोठं काम.

आता आपला जिल्हा बघा, अकरा तालुक्यांचा. आपण या टोकाला आणि अक्कलकोट त्या टोकाला. तिकडच्या गावातल्या बाईंना इथं यायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर. तान्हं मूल असलं तर सोबत आई नाहीतर सासू आणायची, तिनं दिवसभर झाडाखाली मूल सांभाळायचं. आणि मागं शाळेचं काय? दोन शिक्षकांची शाळा असली तर एक प्रशिक्षणाला गेला की चार वर्ग एकाच्या गळ्यात. म्हणून शिक्षकाला प्रशिक्षणाकडं न आणता प्रशिक्षणच शिक्षकाच्या गावी न्यावं, हा विचार निघाला. तो काही मोबाईल आल्यावर निघालेला नाही. आमच्या जन्माच्या आधीपासून गरीब देश या विचाराच्या मागं आहेत. कारण सोपं आहे. पोरं फार, शाळा फार, शिकलेले शिक्षक कमी, आणि सगळ्यांना दोन वर्षं कॉलेजात बसवायला ना पैसा ना वेळ.

आधी हे शिक्षण पोस्टानं यायचं. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता बी.एड. केलं. हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. घरी पुस्तकं यायची, ती आपली आपण वाचायची, गृहपाठ लिहायचे, आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्राला जायचं. आम्ही बाईंना विचारलं, यातून जास्त काय शिकलात? त्या म्हणाल्या, "पुस्तकं चांगली होती. पण खरं शिकणं झालं ते सत्राला जाताना एसटीत अन् जेवणाच्या सुट्टीत. शेजारची बाई सांगायची, माझ्या वर्गात हे चाललं नाही. मग कळायचं, आपल्याच वर्गात चालत नाही असं नाही." बाईंच्या यजमानांनी त्या दिवशी स्वयंपाक करायचा, असं घरात ठरलेलं होतं. तेव्हा गावात त्यावरून टिंगल झाली होती, हेही त्यांनी सांगितलं.

पोस्टाच्या जोडीला पुढं रेडिओ आला. आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. तिथल्या सरकारनं १९७४ साली ठरवलं की देशातलं प्रत्येक मूल शाळेत आलं पाहिजे, आणि तेही दोन-तीन वर्षांत. मुलं येतील, पण शिक्षक कुठून आणायचे? मग त्यांनी सातवी शिकलेली पोरंपोरी निवडली आणि त्यांना गावातल्याच शाळेत लावलं. दिवसातले काही तास शिकवायचं, उरलेल्या वेळात स्वतः शिकायचं. पोस्टानं पुस्तिका, रेडिओवर पाठ, आणि मधूनमधून वर्गात येऊन बघणारा अनुभवी माणूस. शेवटी काही आठवडे कॉलेजात राहून शिकायचं. १९७६ पासून पुढच्या काही वर्षांत सुमारे ४५ हजार जण या वाटेनं गेले आणि त्यातले बहुतेक पास झाले. आपल्यासारखाच शेतीवर जगणारा देश, आपल्याहून गरीब. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार पटली. त्यांनी रेडिओ दिला, पण रेडिओसोबत माणूसही दिला.

आपल्या देशातही त्याच सुमाराला मोठा प्रयोग झाला. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर अमेरिकेचा उपग्रह आपण वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही लावले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण आपल्या शेजारचा विजापूर, गुलबर्ग्याकडचा भाग होता. तेव्हा त्या खेड्यांत कुणाच्या घरी टीव्ही असणार? शाळेत नाहीतर पंचायतीत एक टीव्ही आणि समोर सगळा गाव. शेती, आरोग्य असे कार्यक्रम असायचे. त्याच उपग्रहावरून प्राथमिक शिक्षकांचंही प्रशिक्षण झालं, विज्ञान कसं शिकवायचं याचं. सुमारे ५० हजार शिक्षक त्यातून शिकले. एवढ्या माणसांना एका ठिकाणी बोलवायचं म्हटलं असतं तर किती वर्षं लागली असती! पण तिथंही नुसता टीव्ही नव्हता. हातात छापील पुस्तिका होती, रेडिओ होता, स्वतः करून बघायचे प्रयोग होते, आणि प्रत्येक ठिकाणी गटाला सांभाळणारा एक शिक्षक होता. टीव्ही बंद झाला की बोलणं सुरू व्हायचं.

आता मोबाईल. बांगलादेशात २००८ साली शाळेतल्या शिक्षकांना इंग्रजी शिकवायला मदत करणारा एक मोठा कार्यक्रम सुरू झाला. तिथं खेड्यात नेटचा भरवसा नव्हता. मग त्यांनी काय केलं? साध्या मोबाईलमध्ये बसेल अशा छोट्या कार्डात सगळे व्हिडिओ भरून दिले. त्यांच्याच देशातल्या, त्यांच्यासारख्याच गर्दीच्या वर्गातले व्हिडिओ. नेट नको, रिचार्ज नको. आणि एका शाळेतून एकट्या शिक्षकाला घ्यायचं नाही, दोघांची जोडी घ्यायची, असं ठरवलं. एकानं वर्गात करून बघायचं, दुसऱ्यानं बघायचं, मग दोघांनी बोलायचं. शिवाय आसपासच्या शाळांच्या जोड्या मधूनमधून एकत्र बसायच्या.

हे ऐकल्यावर मावशींची सून म्हणाली, "म्हणजे मोबाईल आमच्याकडंही आहे, अन् त्यांच्याकडंही होता. जोडी तेवढी आमच्याकडं नाही."

तसं बघितलं तर आपल्याकडं साधनं कमी नाहीत. २०१७ साली केंद्र सरकारनं 'दीक्षा' नावाचं ॲप शिक्षकांसाठी काढलं. पोरांच्या पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी तो काळापांढरा चौकोन दिसतो ना, तो मोबाईलनं टिपला की धड्याचा व्हिडिओ उघडतो. या चौकोनाचं नाव निघालं की आपल्या शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघतंच. त्यांनी आपल्या छोट्या शाळेत पुस्तकावर असे चौकोन लावले आणि पुढं त्यांना २०२० साली जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचं बक्षीस होतं. त्यातलं निम्मं त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिलं. ते नऊ जण वेगवेगळ्या देशांतले होते. आम्हाला पुरस्कारापेक्षा ही वाटणीच जास्त आवडली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये 'निष्ठा' नावाचं शिक्षकांचं प्रशिक्षण देशभर सुरू झालं, ते समोरासमोर बसून होतं. मग कोरोना आला. २०२० च्या ऑक्टोबरपासून तेच १८ भागांत करून दीक्षावर आलं. त्या काळात दुसरा इलाजच नव्हता. घराबाहेर पडायची बंदी, तिथं कुणी कुणाला वेळापुरात बोलवणार? एवढ्या शिक्षकांपर्यंत एका झटक्यात पोचणं, हे मोबाईलशिवाय झालंच नसतं. म्हणून आम्ही मोबाईलला नावं ठेवत नाही. अक्कलकोटच्या बाईंची खेप वाचली, झाडाखाली बसणारी सासू घरी राहिली, ही काय छोटी गोष्ट आहे?

पण खेप वाचली, तसा त्या बाईंचा हक्काचा दिवसही गेला. प्रशिक्षणाला वेळापूरला गेलेल्या बाईला त्या दिवशी घरी कुणी "पाणी आण" म्हणत नव्हतं. ती शिकायला गेलीय, हे सगळ्यांना दिसत होतं. मोबाईलवर शिकणारी बाई घरातच दिसते. मग तिला हाक मारायला काय जातंय? पोराचं ढुंगण धुवायचं, दूध आलंय, पाहुणे आलेत, सासऱ्यांची गोळी. व्हिडिओ आपला मांडणीवर चालूच. आम्ही आमच्या भागातल्या पाच-सहा शिक्षिकांना विचारलं, अभ्यास कधी करता? रात्री दहानंतर, सगळ्यांचं हेच उत्तर. गुरुजींना विचारलं तर एक म्हणाले, संध्याकाळी कट्ट्यावर बसून. खोटं कशाला बोला, ते गुरुजी चांगले आहेत. पण त्यांना कट्टा आहे.

अंगणवाडीच्या ताईंचं दुखणं तर आणखी वेगळं. सरकारनं त्यांना कामासाठी मोबाईल दिले होते. ते जुने झाले, सारखे बंद पडायला लागले, आणि नवीन ॲप आलं ते इंग्रजीत. २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. आपल्यातल्या काहीजणींनी तो मोर्चा बघितलाय, काहीजणी त्यात होत्या. त्यांना शिकायचं नव्हतं म्हणून त्यांनी मोबाईल परत केले, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. यंत्र कुणाच्या हातात जाणार, त्या हाताला विचारूनच ते द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा विषय मोठा आहे, त्यावर ताईंनीच एकदा बोलावं.

तर मग आम्ही काय केलं, ते सांगतो. फार काही केलं नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी शिक्षिका घरी येतात आणि आठवड्याची धुणी काढतात. आम्ही म्हटलं, शनिवारी दुपारी तीन ते साडेचार मावशींच्या पडवीत तीन शाळांतल्या तीन बायांनी बसायचं. तिघींच्या पोरांकडं आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं बघतील. व्हिडिओ आदल्या दिवशी जिथं नेट मिळेल तिथं उतरवून ठेवायचा. दीक्षावरचे बरेच पाठ असे उतरवून ठेवता येतात, मग नेट नसलं तरी चालतात. तिघींनी एकाच मोबाईलवर बघायचा, मध्ये थांबवायचा, बोलायचं.

यावरून आमच्यात वाद झाला, तेही सांगायला पाहिजे. एकजण म्हणाली, "त्यांना पगार मिळतो. आपण मजुरीला जाणाऱ्या बाया. आपण त्यांची पोरं का सांभाळायची?" तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिला दुसरीनं उत्तर दिलं, "पगार त्यांना मिळतो, पण पोरगी माझी शिकतीय." तरी पहिली काही पटून गप्प बसली नाही, अजूनही ती पोरं सांभाळायला येत नाही. पण हप्ता वेळेवर भरते आणि शनिवारी काय झालं ते न चुकता विचारते.

पहिल्याच शनिवारी आला वजाबाकीचा पाठ. सुनेनं हा व्हिडिओ आधी मांडणीवर ठेवून 'बघितला' होता. आता तिघींनी नीट बघितला. त्यात सांगितलं होतं की हातच्याची वजाबाकी चुकणारं मूल आळशी नसतं, त्यानं मनाशी एक नियम केलेला असतो. म्हणून उत्तरावर लाल फुली मारायच्या आधी विचारायचं, कसं केलंस ते सांग. काकूंची नात अंगणातच खेळत होती. सुनेनं तिला हाक मारली, जमिनीवर खडूनं ५२ लिहिले, खाली २७ लिहिले. पोरीनं ३५ लिहिलं. सुनेनं पहिल्यांदाच विचारलं, "कसं केलंस गं?" पोरगी पटकन म्हणाली, "सातातनं दोन गेले पाच. पाचातनं दोन गेले तीन."

बघा बायांनो. वरच्या दोनातनं सात जात नाहीत, हे पोरीला कळत होतं. मग तिनं आपला मार्ग काढला, मोठ्यातनं लहान वजा केलं. दीड वर्षं ती हेच करत होती आणि आम्ही सगळ्या म्हणत होतो, हिचं लक्ष नाही. काकू तिथंच उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि आत निघून गेल्या.

व्हिडिओत रंगीत प्लॅस्टिकच्या काड्या होत्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधलेले. आपल्याकडं कुठल्या आल्या? मावशींनी कोपऱ्यातला जुना खराटा उकलला आणि काड्या मोडून दिल्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, झाले ५२. त्यातनं सात सुट्या काढायच्या, पण आहेत दोनच. मग एक गठ्ठा सोडायचा. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. सात काढल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यातले दोन काढले, दोन उरले. २५. पोरगी काड्यांकडं बघत राहिली. मावशींना लिहिता येत नाही, पण गटाचा सगळा हिशोब त्यांच्या तोंडावर असतो. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी खराटा मोडला होय? म्हणजे दहाची नोट मोडायची की! दुकानदाराला सात द्यायचेत अन् सुट्टे दोनच असले तर आपण काय करतो?"

तिघी शिक्षिका हसायला लागल्या. पण सोमवारी सुनेनं वर्गात काड्यांच्या आधी नोटा काढल्या, कागदाच्या. गठ्ठा सोडायचा हे पोरांना सांगावं लागतं, नोट मोडायची हे सांगावं लागत नाही. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी पण तेच केलं आणि त्यांच्या वर्गात एका पोरानं विचारलं, शंभराची मोडली तर? मग त्यांना पुढच्या शनिवारी शेकड्याचा विचार करावा लागला. व्हिडिओ करणाऱ्यांना आमच्या मावशी माहीत नाहीत. पण तो व्हिडिओ नसता, तर मावशींचं बोलणंही पडवीतच राहिलं असतं.

आता तुमच्यापैकी कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर असाल तर तुमच्यासाठी एक गोष्ट. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. आमच्यातल्या दोघी समितीवर आहेत. आधी आम्ही नुसती सही करायचो. आता प्रशिक्षणाचा विषय निघाला की आम्ही विचारतो, "या महिन्यात शिकलात त्यातलं वर्गात काय केलं? आम्हाला बघायला येऊ द्या." प्रशिक्षण पूर्ण झालं का, हे आम्ही विचारत नाही. त्याचं उत्तर प्रमाणपत्र देतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक गुरुजी जरा नाराज झाले, तपासायला आलात का म्हणाले. आम्ही म्हटलं, तपासायला नाही, बघायला. आम्हाला कुठं तपासता येतंय? महिन्याभरानं त्याच गुरुजींनी स्वतःहून बोलावलं.

आणि दुसरं विचारतो, अभ्यासाला वेळ कुठला? दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद भरते, तिथं आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. त्यातला थोडा वेळ कागदपत्रांतनं सोडवून एखादा पाठ मिळून बघायला द्यावा, असं आम्ही समितीच्या ठरावात लिहून दिलंय. त्याचं काय होतंय ते बघू. दीक्षा असो नाहीतर दुसरं काही, शाळेच्या वेळातला एक तास मिळाला तर आमच्या पडवीची गरजच राहणार नाही.

घरातलं मात्र आपल्याच हातात आहे. ज्यांच्या घरात शिक्षिका सून आहे, अंगणवाडीत जाणारी लेक आहे, नर्सिंगचं शिकणारी जाऊ आहे, त्या सगळ्यांना आम्ही मावशींचं उदाहरण सांगतो. मावशी आता रात्री कधी म्हणतात, "आजच्या भाकऱ्या मी टाकते, तू तुझं बघ." कधी विसरतात आणि हाकही मारतात. परवा सूनच म्हणाली, "आत्या, आत्ता नाही, आत्ता शिकतीय." असं तोंडावर बोलायला तिला चार वर्षं लागली. मावशींनी थोडा वेळ तोंड फिरवलं, मग पोराला घेऊन बाहेर गेल्या.

आमची शनिवारची बैठक काही दर वेळी भरत नाही. ज्वारीच्या काढणीत तीन शनिवार गेले. पालखी मुक्कामाला आली तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं पडवी कुठली? तिघीतल्या एका बाईंची बदली झाली. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्या आता शनिवारी फोन करतात, फोन स्पीकरवर ठेवून मध्ये चटईवर ठेवतो, आणि त्या तिकडनं बोलतात. त्यांच्या गावात रेंज नाही, म्हणून ओढ्याच्या चढावर जाऊन उभ्या राहतात. आवाज तुटतो. तरी परवा त्यांनी सांगितलं की तिकडच्या शाळेतल्या एका बाईंना त्यांनी जोडीला घेतलंय, दोघी मिळून तेच पाठ बघतायत.

येत्या शनिवारी भागाकार आहे. मावशींनी विचारलं, शेंगा लागतील का चिंचोके? बाई म्हणाल्या, चिंचोके. शेंगा पोरं खाऊन टाकतील. शंभर तरी लागतील म्हणे. आमच्याकडं सत्तरच निघाले, कुणाकडं असतील तर शुक्रवारपर्यंत मावशींकडं आणून द्या.